सोनहिप्परग्याची एकेचाळीस माणसं

१

दुपारी सव्वा वाजता वसंतराव देगलूरकर जेवून हात धुवायचे, सुपारीचं खांड गालात सरकवायचे आणि जानव्याला बांधलेल्या किल्लीनं मागच्या खोलीचं कुलूप काढायचे. पुढचा दीड तास ते कुणाचे कोणी नसत. दाराशी पोस्टमन येवो नाहीतर प्रत्यक्ष व्याही येवोत, उमाबाईंचं उत्तर ठरलेलं, "स्टेशनवर गेलेत. गाडी गेली की येतील."

स्टेशन म्हणजे टेबल. अकरा फूट लांब, पाच फूट रुंद. त्यावर लातूरची छोटी गाडी, खरीच्या सत्त्याऐंशी पटीनं लहान. इंजिन तळहातावर मावायचं, माणूस बोटाच्या पेराएवढा. रुळांच्या कडेला बाभळी, पाण्याची टाकी, आणि पलीकडे एकोणीस घरांचं एक गाव. गाव झोपलेलं, कारण वसंतरावांनी टेबलावर पहाट ठरवली होती. एकेचाळीस माणसं घराघरांत पांघरूण घेऊन पडलेली किंवा चुलीशी बसलेली. छप्पर उचललं तरच दिसायची. जे दिसत नाही ते करायचं नाही, असल्या कामचुकार जातीतले वसंतराव नव्हते. सरकारी बांधकाम खात्यात एकतीस वर्षं नकाशे काढले होते.

त्या मंगळवारी त्यांनी टेबलावर पांघरलेलं जुनं धोतर काढलं, रूळ पुसले, गाडी सोडली. पहिली फेरी झाली. दुसऱ्या फेरीला गाडी गावाशेजारून वळली आणि त्यांचा हात बटणावरच थांबला.

चौथ्या घराच्या अंगणात एक बाई उभी होती. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर.

ती बाई त्यांचीच. महिन्याभरापूर्वी त्यांनीच तिला रंगवून घरात चुलीपाशी चिकटवलेली. त्यांनी चिमट्यानं छप्पर उचललं. चुलीपाशी डिंकाचे दोन ठिपके होते, पावलांएवढे. बाई मात्र बाहेर, आणि चांगली ताठ उभी. बसलेली बाहुली उभी कशी राहील, हा प्रश्न त्यांना जरा उशिरानं पडला. मग त्यांनी स्वतःलाच दटावलं, की तू तिला उभीच केली असशील, वय झालं तुझं. पण वहीत नोंद होती. घर चार, बाई, बसलेली.

त्यांनी तिला उचलून आत ठेवलं, छप्पर लावलं, आणि पहिला विचार केला तो घरातल्या माणसांचा. माणसाचा स्वभावच असा मेला.

२

आता हे खूळ लागलं कसं, ते सांगायला पाहिजे. लातूरची छोटी गाडी बंद होऊन मोठे रूळ पडणार असं ठरलं, तेव्हा सगळं गाव खूश झालं आणि दोघांनाच वाईट वाटलं. एक वसंतराव. दुसरे बसलिंगप्पा, गंजगोलाईतले हार्डवेअरवाले. बसलिंगप्पांच्या भाच्यानं पुण्याहून जर्मन बनावटीचं एक इंजिन आणून दिलं, आणि दोन म्हातारे लहान पोरांसारखे त्याच्यापुढे उकिडवे बसले. तेव्हापासून बसलिंगप्पा इंजिनं जमवत, वसंतराव गाव वसवत. माणसंही जर्मनीचीच, हॅट-कोटातली. वसंतरावांनी ब्लेडनं त्यांच्या हॅटा तासल्या, पटके बांधले, गोऱ्या मडमांना लुगडी नेसवली.

"गावात माणूस दिसेना की हो," बसलिंगप्पा पहिल्यांदा म्हणाले होते. "सगळ्यांना आत कोंडून ठेवलंत!"

"झोपलेत ते."

"लई झोप बाबा तुमच्या गावाला."

जमिनीसाठी माती मात्र खरी लागते. रंगवलेला भुसा कितीही पसरा, तो भुसाच दिसतो. वसंतराव एसटीनं जाऊन पिशवीभर माती घेऊन आले, पिठाच्या चाळणीतून दोनदा चाळली आणि डिंकाच्या पाण्यात बसवली. कुठून आणली ते त्यांनी उमाबाईंना सांगितलं नाही. चाळणीवरून मात्र आठ दिवस बोलणी खाल्ली.

घरात तिसरं माणूस म्हणजे मृण्मयी, नात. बारावीला होती. अंबरीशनं, म्हणजे वसंतरावांच्या मुलानं, नांदेडहून तिला इथे आणून सोडलं, क्लाससाठी. त्या वर्षांत सगळ्या मराठवाड्याची पोरं लातुरात येऊन पडत होती, आणि गल्लीतल्या प्रत्येकानं घरावर एकेक मजला चढवला होता. वसंतरावांनीही गच्चीवर एक खोली काढली होती, घाईघाईत. जाताना अंबरीश म्हणाला, "बाबा, तुमच्या भरवशावर ठेवतोय. एकुलती एक आहे." त्यात काय सांगायचं होतं? पण तो सांगून गेला, आणि ते वाक्य वसंतरावांच्या डोक्यात बसलं.

आणखी एक. उमाबाई स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एक पेला उपडा ठेवत, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा आणि वर चमचा. भूकंपाच्या वर्षी सगळं लातूर हे करत होतं, जमीन हलली की भांडी वाजावीत म्हणून. पुढे सगळ्यांनी सोडून दिलं. उमाबाईंनी तेरा वर्षं सोडलं नव्हतं. पेले घासायला काढले तरी त्या परत तसेच रचायच्या.

३

गुरुवारी तीन माणसं बाहेर होती.

वसंतराव जिना चढून गच्चीवरच्या खोलीत गेले. मृण्मयी टेबलाशी होती, समोर भौतिकशास्त्र, कानात बोळे.

"मनू, खरं सांग. माझ्या खोलीत गेलती का तू?"

"मी? आजोबा, परीक्षेला वीस दिवस राहिलेत. मला जेवायला वेळ नाही."

"बाहुल्या कुणीतरी हलवतंय."

"किल्ली तर तुमच्या जानव्याला असती! आंघोळ करताना सुद्धा." ती हसली, आणि हसताना तिनं वहीवरचं काहीतरी फुंकून उडवलं. "ते जाऊ द्या. हे बघा, सारखं पडतंय वरून."

वहीवर पांढरी भुकटी होती. वसंतरावांनी वर पाहिलं. पलंगाच्या बरोब्बर वर, भिंतीच्या सांध्यातून निघून छतावर हातभर गेलेली एक बारीक भेग. मृण्मयी आल्यावर आठ दिवसांनीच त्यांनी ती पाहिली होती, आणि पाहिल्याबरोबर तिच्यावर काचेची पट्टी बसवली होती. त्यांची ती जुनी रीत. भेगेवर आडवी, बोटभर लांबीची पातळ काच चिकटवायची आणि पेन्सिलीनं तारीख घालायची. पट्टी तडकली तर भेग जिवंत, म्हणजे वाढतेय. पट्टी शाबूत राहिली तर भेग मेलेली. यंत्र नको, इंजिनिअर नको. पट्टी खोटं बोलत नाही.

ते स्टुलावर चढले. काच अख्खी होती, आरशासारखी. तीन महिन्यांपूर्वीची तारीख जशीच्या तशी.

"मेलेली आहे," ते म्हणाले. "रंगाचे पोपडे पडतात. तू यायच्या आधी तुझ्या आईनं हट्टानं रंग द्यायला लावला ना, त्याचे. घाबरू नकोस. खुशाल आत झोप."

हे बोलले आणि त्यांना कसंतरीच झालं. तेच वाक्य, त्याच आवाजात, कुणीतरी दुसऱ्यानं म्हटल्यासारखं वाटलं. ते जिना उतरले तेव्हा त्यांच्या गालातली सुपारी तशीच होती, चावायची राहिलेली.

४

संशयाचं एक असतं, त्याला माणूस लागतं. मृण्मयी सुटली तसा तो उमाबाईंवर गेला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमच्या बाहुल्या हलवायला मला घरातली माणसं हलवून वेळ उरलाय का?" त्याही सुटल्या. मग बसलिंगप्पा. पण बसलिंगप्पा पंधरा दिवसांत आले नव्हते. वसंतराव स्वतःच दुकानात गेले आणि आडून आडून विचारलं.

"सुटतात म्हणता? चिकटवलंत कशावर?" बसलिंगप्पांनी खिळे तोलता तोलता विचारलं.

"घराच्या जमिनीवर. वर चुना मारलाय."

"अहो, मग धरेल कसं!" बसलिंगप्पा मोठ्यांदा हसले. "एवढे मोठे ड्राफ्ट्समन, आणि हे मी सांगायचं? चुन्यावर, रंगावर डिंक धरत नसतो. वरचा पापुद्राच सुटून येतो डिंकासकट. खाली खरवडून घ्या, मग चिकटवा. पन्नास वर्षं हेच सांगतोय गिऱ्हाइकाला."

वसंतरावांना हायसं वाटलं. कारण मिळालं. ते घरी आले, घराघरांतला चुना खरवडला, एम-सील लावून एकेचाळीसच्या एकेचाळीस माणसं पक्की बसवली. खोलीच्या उंबऱ्यात आतून रांगोळीची भुकटी पसरली, बाहेर आले, कुलूप लावलं. खिडकीला गज होतेच.

दुसऱ्या दिवशी सव्वा वाजता रांगोळी जशीच्या तशी होती. मुंगीचं पाऊल नव्हतं. त्यांनी ती ओलांडली आणि धोतर उचललं.

अकरा माणसं बाहेर होती. या खेपेला ती नुसती बाहेर नव्हती. आतल्या खाटाही बाहेर आल्या होत्या, काडेपेटीच्या काड्यांच्या केलेल्या. मारुतीच्या पारासमोर ओळीनं खाटा, त्यांवर माणसं आडवी. दोन पोरं एका खाटेवर. एम-सीलचे गोळे खालीच राहिले होते, त्यांत टाचांचे खळगे.

वसंतराव घाबरले. पण खोटं कशाला सांगू, भीतीपेक्षा त्यांना राग जास्त आला. आपण मांडलेलं कुणीतरी मोडतंय, आणि आपल्याला वेडं ठरवतंय. त्यांनी एकेकाला चिमट्यानं उचललं, आत दाबून बसवलं, छप्परं लावली. "बसा की गप घरात," ते पुटपुटले. "काय खुपतंय तुम्हाला आत?"

खोली शांत होती. कुठेतरी वर, छताच्या पलीकडे, कुणी कागद फाडल्यासारखा बारीक आवाज झाला. मृण्मयी वह्या फाडत असेल, असं त्यांनी ठरवलं.

५

उरली पारूबाई. धुण्या-भांड्याला यायची, अकरा वर्षं झाली. भूकंपातली बाई होती एवढंच घरात माहीत. कुठलं गाव, कोण कोण गेलं, हे वसंतरावांनी कधी विचारलं नव्हतं आणि उमाबाईंनाही विचारू दिलं नव्हतं. "जखमेवर बोट कशाला ठेवायचं," असं ते म्हणत. ऐकणाऱ्याला तो त्यांचा चांगुलपणा वाटायचा.

सोमवारी त्यांनी तिला हाक मारली. "पारू, जरा इकडं ये. तू या खोलीत येतीस का कधी? झाडायला बिडायला?"

"न्हाई बा. कुलूप असतंय की." ती दारात आली, ओले हात पदराला पुसत. टेबलाकडं बघितलं. आणि हात पुसायचेच थांबले.

"ही माती कुठली?"

"मातीच आहे. आणली होती कुठूनतरी."

"कुठूनतरी न्हाई. ही आमच्या पांढरीची हाय." शेताची ती काळी आणि गावाच्या जागेची ती पांढरी, गावाकडच्या माणसाला हे वासावरून कळतं. ती आत आली नाही. उंबऱ्यातूनच तिनं बोट केलं. "त्ये चौथं, आमचं घर. न्हाणीला दार न्हवतं, पोतं लावलं हुतं. तुमी बी पोतंच लावलंय."

वसंतरावांनी धोतर ओढून गावावर टाकलं.

"सोनहिप्परगा म्हंत्यात. आता तिथं बाभळी हायत. तुमाला पोतं कसं ठावं, सायेब?"

"कुणीतरी सांगितलं असेल. नकाशा होता आमच्याकडे."

"कोन सांगंल? सांगाया ऱ्हायलंय कोन?" ती सहज बोलली, भाजीचा भाव सांगावा तसं. "एक सायेब आलता पंचमीच्या तोंडावर. टोपीवाला. तवा जमीन लई गुरगुरायची, समदं गाव भाईर झोपायचं, पाराम्होरं. त्यानं भिंतीला काचा लावल्या. माझी सासू म्हनली, सायेब, भिंत खरडू नगा, परवाच चुना दिलाय, पंचमीला लेकी यायच्यात. चांगला मानूस, न्हाई खरडली. आठ दिसांनी आला, समद्या काचा बघितल्या. म्हनला, एक बी फुटली न्हाई, उगं घाबरू नका, खुशाल आत झोपा."

"मग?"

"मग काय? झोपले आत. म्या माहेराला हुते, गनपतीला."

ती वळली आणि मोरीवर गेली. थोड्या वेळानं भांड्यांचा आवाज सुरू झाला, रोजच्यासारखा.

वसंतराव खुर्चीत बसले. तो टोपीवाला साहेब कोण, हे आता वेगळं सांगायला नको. तेरा वर्षं त्यांनी हे कुणालाही सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. त्या पाहणीची वही त्यांच्याकडे होती, एकोणीस घरं, प्रत्येकाची भेग, प्रत्येक घरातली माणसं. त्याच वहीवरून त्यांनी हे गाव उभं केलं होतं. का केलं, हे त्यांनाही धड सांगता आलं नसतं. निदान टेबलावर तरी ती माणसं घरात नीट झोपलेली असावीत, एवढंच. आणि झोप उडाली की ते स्वतःला एकच गोष्ट सांगत आले होते. काचा शाबूत होत्या. मी डोळ्यांनी पाहिल्या. पट्टी खोटं बोलत नाही. मग माझा काय दोष?

पण आता नवाच संशय आला. ही बाई अकरा वर्षं आपल्या घरात आहे. हिला माहीत आहे की नाही?

६

बुधवारी मृण्मयी सकाळची टेस्ट देऊन साडेअकराला आली, जेवली आणि वर जाऊन झोपली. दीड तास झोपायचं आणि मग रात्री अकरापर्यंत अभ्यास, असं तिचं वेळापत्रक भिंतीवर चिकटवलेलं होतं. जाताना म्हणाली, "आजोबा, आज मी खाली झोपू का? वर कसला तरी आवाज येतो."

खाली वसंतरावांच्या डोक्यात गाव घोंघावत होतं. ते चिडूनच म्हणाले, "काच बघितली ना मी? झोप जा वरच." ती गेली.

सव्वा वाजता त्यांनी कुलूप काढलं. रांगोळी तशीच. धोतर उचललं.

गाव रिकामं होतं. त्यांनी एकोणीसच्या एकोणीस छप्परं उचलून पाहिली. चुली होत्या, रांजण होते, माणूस एकही नव्हता. सगळी पारासमोरच्या मोकळ्या जागेत होती. त्यांनी मोजली. एकेचाळीस. आज कुणी झोपलेलं नव्हतं. म्हातारी, पोरं, हिरव्या लुगड्याची बाई, सगळी उभी, एकमेकांना चिकटून. देवळाकडं त्यांची पाठ होती. गाडीच्या रुळांकडंही कुणी बघत नव्हतं. सगळ्यांच्या माना वर होत्या, आणि सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला.

वसंतराव त्यांच्या नजरेच्या रेषेत वळले. नकाशे काढणारा माणूस, रेषा चुकायची नाही. ती रेषा दाराच्या चौकटीवरून जात होती, जिन्याच्या वर, गच्चीवरच्या खोलीकडे.

आणि त्यांना बसलिंगप्पांचं हसणं आठवलं. चुन्यावर, रंगावर डिंक धरत नसतो. वरचा पापुद्राच सुटून येतो.

ते बासष्टाव्या वर्षी दोन-दोन पायऱ्या चढले. मृण्मयी पलंगावर पालथी झोपली होती. स्टूल ओढलं, चढले, हात वर केला. काच अख्खी. तारीख तशीच. त्यांनी काचेच्या एका टोकाला बोट लावलं आणि काच हातात आली. मागे नव्या रंगाचा पापुद्रा चिकटलेला, साबणाच्या चकतीसारखा गुळगुळीत. काचेचं एक टोक छताला धरलेलंच नव्हतं. ती तडकणार कशी? खालची भेग वाढली असती तरी ती तशीच लोंबत राहिली असती, अखंड. आणि तिच्या खाली भेग आता एवढी होती की त्यांचं बोट आत गेलं.

"मनू, ऊठ. बाहेर चल."

"आजोबा, आत्ताच तर झोपले..."

"ऊठ म्हणतो ना! बाहेर!" त्यांनी तिला दंडाला धरून ओढलं. अशी तिच्या अंगाला त्यांनी कधी ताकद लावली नव्हती. ती अनवाणी, अर्धी झोपेत, रडकुंडीला येऊन त्यांच्यामागं आली. जिन्याची चौथी पायरी गाठली असेल नसेल, मागं धाडकन आवाज झाला. मग जिन्यावरून पांढरी धूळ संथपणे खाली आली.

उमाबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. "भूकंप? अहो, पण पेले तर पडले नाहीत!"

पेले पडले नव्हते. जमीन हलली नव्हती. पलंगाच्या उशाशी छताचा एवढा मोठा तुकडा पडला होता, त्यातून गंजलेली सळई वर आली होती. उशी त्याच्याखाली दिसत नव्हती.

उमाबाईंनी नातीला छातीशी धरलं आणि मोठ्यांदा रडल्या. वसंतराव तिथंच पायरीवर बसले. हातात काच होती. शाबूत.

७

पाचला पारूबाई आली. तिघं अंगणात होती. खाटा बाहेर काढलेल्या, मृण्मयी एका खाटेवर पुस्तक उघडून, आणि उमाबाई तिच्या डोक्यावर हात ठेवून बसलेल्या. गल्लीतली माणसं येऊन बघून गेली होती. अंबरीश नांदेडहून निघाला होता.

पारूबाईनं खाटा बघितल्या, खाटांवरची माणसं बघितली. मग वसंतरावांजवळ आली.

"आलाव का भाईर, सायेब?"

वसंतरावांनी मान वर केली. "पारू, तो टोपीवाला..."

"ठावं हाय."

"कधीपासनं?"

"पयल्या दिसापासनं. माहेराला जायाच्या आदी म्या हुते की घरात. तुमी काच लावताना जीभ दातात धरीत हुताव. आता बी धरता, बाहुल्या रंगीवताना."

"मग इथं कशाला राहिलीस? अकरा वर्षं?" त्यांना रडू आवरेना. "थुंकून का नाही गेलीस माझ्या तोंडावर?"

ती मोरीकडं जाता जाता म्हणाली, "बघायचं हुतं. तुमी कुठं झोपता त्ये."

"बाहुल्या तू हलवल्यास?"

"म्या?" तिच्या तोंडावर पहिल्यांदाच भीती दिसली. "म्या त्या खोलीत पाऊल न्हाई टाकायची. माझी सासू हाय तिथं."

उजेड होता तोवर वसंतराव मागच्या खोलीत गेले. त्यांना टेबलावर धोतर पांघरायचं नव्हतं. एकोणीस घरांची छप्परं काढून टाकायची, सगळं गाव उघडं करायचं, एवढंच मनात होतं. माणसं अजून पारासमोर उभी होती. त्यांच्याकडे बघायचं वसंतरावांनी टाळलं. त्यांनी पहिलं छप्पर काढलं, बाजूला ठेवलं, दुसरं काढलं. चौथ्या घराशी आले तेव्हा आत भिंतीवर काहीतरी चमकलं.

ते वाकले. चुलीमागच्या भिंतीवर, बारीक भेगेच्या आडवी, काचेची पट्टी होती. नखाच्या कापल्या तुकड्याएवढी. त्यांनी ती लावलेली नव्हती. त्यांच्याकडे एवढी बारीक काच नव्हतीच. त्यांनी पहिल्या घरात पाहिलं. तिथंही होती. तिसऱ्यात होती. एकोणीसच्या एकोणीस घरांत होती. त्यांनी चिमट्याचं टोक लावलं, आणि पट्टी चुन्याच्या पापुद्र्यासकट खाली पडली, आवाज न करता. दुसरी पडली. तिसरी पडली.

"अहो," अंगणातून उमाबाईंनी हाक मारली. "आत काय करताय? बाहेर या."

वसंतराव वळले. पाराजवळच्या एकेचाळीस जणांची तोंडं आता जिन्याकडं नव्हती. त्यांच्याकडं होती. ते सगळे वाट बघत होते, आणि वसंतरावांना कळत होतं की त्यांना काय ऐकायचंय. तेरा वर्षांपूर्वी म्हणायला हवं होतं ते.

त्यांनी तोंड उघडलं, आणि नजर खाली गेली. टेबलावर, खाली, शाबूत काचा पडल्या होत्या.

एकही तडकलेली नव्हती.